लाख रुपयांचा चरखा

चरखा हे सूत कातण्याचे हातयंत्र आहे. लाकडी पाटाच्या एका टोकाला दोन खुंटांमध्ये मोठे चाक, दुसऱ्या टोकाला आडवी बसवलेली अणकुचीदार पोलादी चाती आणि चाकावरून चातीच्या भिंगरीपर्यंत फिरणारी सुताची माळ, एवढाच त्याचा पसारा. गावचा सुतार तो घडवू शकतो, गावचा लोहार चाती करून देऊ शकतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय राष्ट्रीय चळवळीने या यंत्राकडून तीन कामांची अपेक्षा केली: खेड्यातल्या रिकाम्या हातांना रोजगार द्यावा, लोकांना काँग्रेसच्या संघटनेत गुंफावे आणि परकीय सत्तेविरुद्धची खूण व्हावे. शेवटची दोन कामे चरख्याने पार पाडली. पहिल्या कामात मात्र तो चातीच्या वेगापाशी अडला.

कापड आणि राजकारण यांचे नाते चरख्याच्या पुनरुज्जीवनापेक्षा जुने आहे. लँकेशायरच्या गिरण्यांचे सूत आणि कापड एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या बाजारात पसरले, तशी गावोगावची हातकताई बसत गेली. विणकर काही प्रमाणात टिकले, कारण गिरणीचे सूत घेऊन त्यांना माग चालवता येत होता. कातणाऱ्या बायकांना तसा आधार नव्हता. दादाभाई नवरोजी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी देशाच्या दारिद्र्याची आर्थिक मीमांसा केली. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी १८७२ मध्ये स्वदेशीचे व्रत घेतले आणि पुणे सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादीच्या वेषात गेले. सरकारने १८९६ मध्ये परदेशी कापडावरील आयातकर साडेतीन टक्के ठेवला आणि तेवढाच अबकारी कर देशी गिरण्यांच्या कापडावर बसवला. राज्यकर्ते कोणाचे हित पाहतात, हे समजायला व्यापाऱ्यांना आता वेगळे व्याख्यान लागत नव्हते. वंगभंगाची घोषणा झाल्यावर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तरी स्वदेशीचा अर्थ तोवर मुख्यतः मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचे कापड असाच होता. चरखा त्या चित्रात नव्हता.

तो आणला गांधींनी. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहिताना आपण चरखा किंवा हातमाग पाहिल्याचेही आठवत नाही, अशी नोंद त्यांनी आत्मचरित्रात केली आहे. १९१५ मध्ये कोचरबला आश्रम निघाला तेव्हा तेथे आधी माग आले. मागासाठी सूत गिरणीतून घ्यावे लागे, म्हणजे परावलंबन एक पायरी मागे सरकले इतकेच. हातचे सूत मिळवण्याच्या खटपटीत गंगाबेन मजमुदार यांनी बडोदे संस्थानातील विजापूर येथे माळ्यांवर पडून असलेले चरखे शोधून काढले. सुतासाठी पेळू हवे होते. ते पहिल्यांदा मुंबईच्या उमर सोबानींच्या गिरणीतून आले. गांधींना हेही खटकले आणि हाताने कापूस पिंजून पेळू वळणारा पिंजारी शोधण्यात आला. सरकी काढणे, पिंजणे, पेळू वळणे, कातणे, विणणे ही तुटलेली साखळी अशी एकेक कडी मागे जात पुन्हा जोडली गेली. साबरमतीला मगनलाल गांधींनी या सगळ्या हत्यारांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. खादीचे पहिले तंत्रज्ञ म्हणून त्यांचेच नाव घ्यावे लागते.

चळवळीच्या हाती चरखा आला तो १९२१ मध्ये. बेझवाड्याच्या बैठकीत अखिल भारतीय काँग्रेस समितीने टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लाख चालते चरखे अशी तीन उद्दिष्टे ३० जूनच्या मुदतीने ठरवली. ३१ जुलैला, लोकमान्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, मुंबईत परळला विदेशी कपड्यांची प्रचंड होळी पेटली. पिंगळी वेंकय्यांनी तयार केलेल्या झेंड्यावर चरखा आला. सभेला जाणे, तुरुंगात जाणे, नोकरी सोडणे हे सर्वांना शक्य नव्हते. सूत कातणे शक्य होते. उंबरठ्याबाहेर न पडणारी बाई, म्हातारा माणूस, शाळकरी मूल, तिघांनाही राष्ट्रकार्यात भाग घेण्याची ही पहिली सोपी वाट होती, आणि त्यासाठी इंग्रजी यावे लागत नव्हते. वकिलांच्या आणि संपादकांच्या सभेचा लोकसमुदायाचा पक्ष होण्यात या सोपेपणाचा वाटा मोठा आहे.

सोपेपणा सहभागाचा होता. यंत्राची गोष्ट वेगळी. उजव्या हाताने चाक फिरते, डाव्या हाताच्या चिमटीत पेळू असतो. चातीच्या टोकाशी सूत तिरके धरले की दर फेऱ्याला ते टोकावरून घसरते आणि त्याला एक पीळ बसतो. पीळ बसत असतानाच हात मागे जातो आणि पेळूतून तंतू ओढले जातात. हात लवकर मागे गेला तर तार तुटते, उशीर झाला तर गाठाळ आणि जाड होते. हात पूर्ण ताणला गेला की चाक किंचित उलटे फिरवून टोकावरचे वेढे उकलायचे, सूत चातीशी काटकोनात आणायचे आणि चाक सुलट फिरवून कातलेली तार गुंडाळायची. मग पुन्हा पहिल्यापासून. ओढणे आणि गुंडाळणे एकाच वेळी होत नाही. प्रत्येक हातभर तारेमागे यंत्राला थांबावेच लागते.

सुताची जाडी ‘नंबर’ने मोजतात. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी, तितका नंबर. खादीच्या व्यवहारात चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची एक गुंडी असे माप रूढ झाले. गुंडी सुमारे ८५३ वार भरते. १६ नंबरच्या सुताला इंचामागे साधारण १६ पीळ धरले, तर एक वार सुतासाठी चातीला ५७६ फेरे घ्यावे लागतात. सराव असलेली व्यक्ती तासाला ३०० वार कातते असे मानले, तर चातीचा सरासरी वेग मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या वर जातो. हाताने फिरणाऱ्या चाकासाठी हा वेग मुळीच थोडा नाही. पण गिरणीत एकेका कामगाराच्या देखरेखीखाली शेकडो चात्या याहून कितीतरी वेगाने फिरतात, त्याही न थांबता.

१९२४ मध्ये काँग्रेसने कताईला सभासदत्वाशी जोडले. त्याच वर्षीचे बेळगावचे अधिवेशन हे गांधींच्या अध्यक्षतेखाली झालेले एकमेव अधिवेशन. चार आण्यांच्या वर्गणीऐवजी सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे, स्वतः कातता येत नसेल तर दुसऱ्याकडून कातून घ्यावे, असे तेथे ठरले. रोज अर्धा तास काढला तर ताशी १३०-१३५ वारांचा संथ वेगही पुरेसा होता. तरीही सूत येईना. न. चिं. केळकरांसारख्या टिळकपंथी पुढाऱ्यांना ही अट मुळातच पसंत नव्हती, आणि पाठिंबा देणाऱ्यांपैकीही अनेकांचे चरखे कोपऱ्यात राहिले. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्यात पैशाची वर्गणी पर्याय म्हणून परत आली. तेथेच खादीच्या कामासाठी अखिल भारतीय चरखा संघ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. पक्षातला चरखा ऐच्छिक झाला, पण चरख्याला पूर्णवेळ कार्यकर्त्यांची, भांडारांची आणि हिशेबांची व्यवस्था मिळाली.

टीकाही याच काळात धारदार झाली. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२१ मध्ये आणि पुन्हा १९२५ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’तून आक्षेप घेतले. साऱ्या देशाने एकच यांत्रिक क्रिया करत राहिल्याने बुद्धी जागी होत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. भुकेलेल्या माणसाला आधी काम लागते, असे गांधींचे उत्तर होते. वाद तत्त्वाचा होता, पण त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता: या कामातून पोट भरते का?

चरखा संघाला त्या प्रश्नाची जाणीव होती. म्हणूनच १९२९ मध्ये संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्र हलके असावे, झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे. एका बाईला ते फार श्रम न होता आठ तास चालवता यावे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. ते देशात बनवता यावे आणि वेळच्या वेळी निगा राखल्यास वीस वर्षे टिकावे, अशा अटी होत्या. प्रत्येक अट वेगवेगळी घेतली तर रास्त वाटते. एकत्र घेतल्या की अडचण उघड होते. १६ नंबरच्या हिशेबाने १६,००० वारांसाठी चातीला मिनिटाला १९,००० हून अधिक फेरे लागतात, नेहमीच्या सहापटींहून जास्त. एका चातीचे हे काम नव्हे. चात्या वाढवल्या तर तंतू ओढायला तितके हात नाहीत, म्हणून रूळ बसवावे लागतात. रुळांना एकसारख्या जाडीचा पेळू लागतो, तो करायला आणखी एक यंत्र लागते. जास्त चात्या फिरवायला जास्त जोर लागतो आणि नेमक्या मापाचे धातूचे भाग गावच्या सुताराला करता येत नाहीत. बक्षिसाच्या अटींकडे सरकणारा प्रत्येक चरखा एक पाऊल गिरणीकडे सरकत होता. किर्लोस्करवाडीत तयार झालेला काळे यांचा चरखा परीक्षेपर्यंत पोहोचला, पण सर्व अटींत तोही बसला नाही. लाखाचे बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

लहान सुधारणा मात्र पुष्कळ झाल्या. त्यांतली सर्वांत नेटकी सुधारणा पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगाच्या नावाने ओळखली जाते. येरवडा चरख्यात उभ्या मोठ्या चाकाऐवजी दोन आडवी चाके असतात. मोठे चाक लहान चाकाला फिरवते आणि लहान चाक चातीला, त्यामुळे वेग दोन टप्प्यांत वाढतो. सगळा सरंजाम पेटीत मिटतो आणि प्रवासात बरोबर नेता येतो. प्रभुदास गांधींनी पायाने चालणारा, दोन चात्यांचा चरखा तयार केला. मगनलालांच्या स्मरणार्थ त्याला मगन चरखा म्हणतात. मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश अभियंत्याने धनुष टकळी रचली. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधींच्या हस्ते डिसेंबर १९३८ मध्ये झाले. खादी आणि ग्रामोद्योगांची साधने तेथे मांडण्यात आली.

उत्पादन वाढेना, तेव्हा प्रश्न मजुरीकडे वळला. १९३५ मध्ये गांधींनी आठ तासांच्या कताईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला आणि चरखा संघाने दर वाढवले. त्याच सुमारास विनोबांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीत दिवसाचे आठ-नऊ तास कातून, केवळ कताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. कातणारीचे जगणे किती तुटपुंजे आहे, हे त्यांनी स्वतःच्या ताटावर मोजून पाहिले. मजुरी वाढली तशी खादी महागली. ती आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग होती, आणि घेणारा शहरातला सुस्थितीतला देशभक्त होता. कातणारी बाई मात्र स्वतः पुष्कळदा गिरणीचेच लुगडे नेसत असे.

१९४० चे आकडे याच पेचाची साक्ष देतात. त्या वर्षी १३,००० हून अधिक गावांतल्या सुमारे पावणेतीन लाख लोकांना कताई, विणाई आणि संबंधित कामांतून सुमारे ३५ लाख रुपये मिळाले. त्यांत बहुतेक कातणाऱ्या बायका होत्या. सरकारी मदतीशिवाय, किंबहुना सरकारचा रोष पत्करून, इतक्या गावांत काम पोहोचवणारी संघटना असामान्यच म्हटली पाहिजे. पण भागाकार केला की माणशी वर्षाला तेरा रुपयेसुद्धा येत नाहीत. महिन्याला जेमतेम एक रुपया. शेतीचे काम नसलेल्या दिवसांत हा रुपया मोलाचा होता. त्यावर संसार चालणे शक्य नव्हते.

१९४२ च्या दडपशाहीत खादीची अनेक केंद्रे बंद पडली. तुरुंगातून सुटल्यावर १९४४ मध्ये गांधींनी चरखा संघाचे नवसंस्करण सुचवले: बाजारासाठी खादी करणे कमी करावे, गावाने स्वतःच्या वापरापुरते कातावे. खादी घेणाऱ्याने किमतीचा काही भाग सुतात द्यावा, असा नियम आला. विक्री घटण्याची भीती होती आणि कार्यकर्त्यांतही कुरकुर झाली. ज्यांनी चरख्याला देशभर पोहोचवले, त्यांनीच त्याचा व्यापार अपुरा ठरवला होता.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा झेंड्यावर चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. स्वतंत्र भारताने खादीला शासकीय आधार दिला. वैकुंठभाई मेहता यांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये खादी व ग्रामोद्योग मंडळ निघाले, पुढे १९५७ पासून आयोग काम करू लागला. तमिळनाडूच्या एकांबरनाथांचा अंबर चरखा दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत देशभर नेण्याचे ठरले, द. गो. कर्वे समितीने त्याची शिफारस केली होती. अंबर चरख्यात रूळ आहेत, चात्या अनेक आहेत, सूत ओढणे आणि गुंडाळणे अखंड चालते. गावच्या सुताराला तो घडवता येत नाही, आणि त्याच्या सुताची खादीही सवलतीशिवाय गिरणीच्या कापडासमोर टिकली नाही.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर बनलेल्या, अगदी पॉलिस्टरच्या राष्ट्रध्वजालाही मान्यता मिळाली. हातच्या सुताची राहिलेली हक्काची एक बाजारपेठ त्यामुळे खुल्या स्पर्धेत आली. उत्पादनाचे यंत्र म्हणून चरख्याचा हिशेब कधीच जुळला नाही, आणि तो जुळेल असे मानणे हीच खादीच्या चळवळीची मोठी चूक होती. पण पांगलेल्या खेड्यांना आणि घरात अडकलेल्या बायकांना एका राष्ट्रीय पक्षाशी जोडण्याचे काम त्या काळी चरख्याइतक्या स्वस्तात दुसऱ्या कोणत्याही साधनाने केले नाही. त्याचे यश वारांत आणि गुंड्यांत न मोजता या जोडणीतच मोजावे लागेल.