पिशवीतील मिरची : निगा मुळांची, हिशेब पाण्याचा

मिरचीवाचून ज्याचा एक दिवसही निभत नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. मूळची ही अमेरिका खंडातील वनस्पती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर आली आणि येथील ठेच्यात व मसाल्यात अशी रुजली की, ती परकी होती हे कोणास सांगूनही खरे वाटू नये. ज्यांच्यापाशी गुंठाभरही जमीन नाही अशा कुटुंबांना, तसेच ज्यांच्या परसातील मातीत मर रोगाने ठाण मांडले आहे अशा शेतकरी बंधु-भगिनींना, हे पीक पिशवीत घेता येते.

परंतु जितक्या हौसेने पिशव्या भरल्या जातात, तितक्या त्या फळास येत नाहीत. झाडे पिवळी पडतात व माना टाकतात. पाणी कमी पडले असे समजून मालक आणखी पाणी घालतो आणि आठवड्याभरात झाड हातचे जाते. अशा झाडांपैकी पुष्कळशी तहानेने नव्हे, तर साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरून मेलेली असतात. म्हणून पिशवीत पाणी कसे वागते, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

मुळांनाही हवा लागते

शेतात जादा पाणी खोल मुरते आणि मातीच्या कणांमधील पोकळीत हवा शिरते. पिशवीची खोली मात्र फूट-सव्वा फूट. खाली भोके असली तरी तिच्या तळाचा काही बोटे जाडीचा थर पाणी घातल्यानंतर चिंबच राहतो. याचा पडताळा घरीच पाहता येईल. स्पंजचा एक लांबट तुकडा पाण्यात भिजवून आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तोच तुकडा उभा करावा. त्यातून पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच. केवळ उंची वाढल्यामुळे वरचा भाग कोरडा होऊ लागला. यावरून उथळ व पसरट पिशवीपेक्षा उंच पिशवी मिरचीस का मानवते, हे ध्यानात येईल. एका झाडास 12 इंच व्यासाची व 12 ते 15 इंच उंचीची पिशवी पुरेशी होते.

निचऱ्यासाठी तळाशी विटांचे तुकडे वा खडी भरण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतील पाणी, ती माती पुरती चिंब झाल्याखेरीज, खालच्या भरड खडीत उतरत नाही. परिणामी ओला थर नाहीसा न होता उलट वर सरकतो व मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकांतून माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा अंथरला की काम भागते.

मिश्रण व लागवड

नुसती काळी माती पिशवीत भरू नये. ती ओली असता चिकट होते व वाळली की आवळून तडकते. पोयट्याची माती, नारळाच्या काथ्याचा भुसा अर्थात कोकोपीट, आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत ही समभाग घ्यावीत. कोकोपीटमध्ये क्षार असण्याचा संभव असतो, म्हणून ते दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे. ज्या वाफ्यात मिरची, वांगी, टोमॅटो किंवा बटाटा मर रोगाने गेला असेल, तेथील माती पिशवीत मुळीच आणू नये. अन्यथा रोगही तिच्यासवे येईल.

दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेचे पुसा ज्वाला व पुसा सदाबहार, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले ज्योती आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण कीर्ती हे परिचित वाण होत. पाच ते सहा आठवड्यांचे एकच जोमदार रोप सायंकाळी एका पिशवीत लावावे. रोप तरारल्यावर दर आठवड्यास लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम या प्रमाणात 19:19:19 हे विद्राव्य खत द्यावे. नत्राचा अतिरेक झाल्यास पाला माजतो व फूल रुसते.

पाणी केव्हा द्यावे

घड्याळ पाहून पाणी देऊ नये. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. तेथवर माती सुकली असेल तर तळातून पाणी निथळेपर्यंत द्यावे. ओल असेल तर थांबावे. पिशवीखाली ताटली असल्यास साचलेले पाणी ओतून टाकावे. पिशव्या विटांवर ठेवाव्या, म्हणजे भोके बुजत नाहीत.

भर दुपारी झाड मलूल होऊन सायंकाळी सावरत असेल तर तो उन्हाचा परिणाम होय. परंतु सकाळी, माती ओली असतानाही, झाडाने मान टाकली असेल तर मुळांना इजा झाली आहे असे समजावे व पाणी ताबडतोब बंद करावे. कधी कोरडे, कधी चिंब असे हेलकावे बसल्यास झाडाला चुना नीट मिळत नाही व फळाच्या टोकास काळा, खोलगट डाग पडतो. हा रोग नसल्यामुळे त्यावर फवारणी व्यर्थ होय. पाणी नियमित करणे हाच उपाय. पारा 35 अंशांच्या वर जाऊ लागला की फुले गळतात. तेव्हा दुपारी सावलीच्या जाळीचा आडोसा करावा.

किडीची खूण

पाने वरच्या बाजूस वळली तर फुलकिडे आणि खालच्या बाजूस वळली तर कोळी, अशी सर्वसाधारण खूण आहे. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूही पाने आकसवितो. असे झाड उपटून नष्ट करावे. 2021 साली आंध्र प्रदेश व तेलंगणात बाहेरून आलेल्या फुलकिड्यांच्या एका जातीने मिरचीची शेतेच्या शेते उद्ध्वस्त केली. म्हणून पानांची मागची बाजू व फुले दर दोन-तीन दिवसांनी न्याहाळावीत आणि प्रारंभीच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा.

गच्चीचा भार

भिजलेली एक पिशवी सुमारे 20 किलो भरते. म्हणजे 50 पिशव्यांचा भार एक टन झाला. जुन्या इमारतीत जाणकाराच्या सल्ल्यावाचून इतके ओझे चढवू नये आणि पिशव्या मधोमध न मांडता भिंतींच्या व तुळयांच्या रेषेवर ठेवाव्यात.

पिशवीतील मिरची शेताची जागा घेऊ शकणार नाही. तथापि घरापुरती हिरवी मिरची ती खचित देईल. आरंभी चारच पिशव्या भरून एक हंगाम त्यांची ओल दररोज बोटाने पारखावी. ती पारख हातात बसली, म्हणजे चाराच्या चाळीस करण्यास हरकत नाही.