‘नियुक्त’, ‘मानधन’ आणि ‘पुरवठा’ : सेवाविषयक शासन निर्णयांची भाषा



प्रशासकीय मराठीचा विचार करताना तत्सम शब्दांचा भरणा, कर्मणी रचना आणि लांबलचक वाक्ये या वैशिष्ट्यांचा उल्लेख नेहमी होतो. त्यावर ‘ही भाषा क्लिष्ट आहे’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. शेरा खरा असला तरी तो पुरेसा नाही. सरकारी सेवेतील भरती, वेतन आणि निवृत्तिवेतन यांविषयीचे शासन निर्णय वाचताना शब्द अवघड आहे की सोपा, यापेक्षा त्या शब्दाने कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे पाहावे लागते. आपल्यापैकी अनेक जण अशाच एखाद्या आदेशाच्या आधारे नोकरी करीत असतील. कोणी अंगणवाडीत, कोणी आश्रमशाळेत, कोणी नगरपरिषदेत. त्यांच्यासाठी हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही.

उदाहरणासाठी आपल्या जवळचेच त्र्यंबकेश्वर घेऊ. तीर्थक्षेत्र म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. पण ते तालुक्याचेही ठिकाण आहे. तेथे तहसील कार्यालय आहे, नगरपरिषद आहे, आणि सभोवतालच्या आदिवासी गावांतून आश्रमशाळा व अंगणवाड्या आहेत. अशा तालुक्यातील एका शासकीय आश्रमशाळेची कल्पना करा. सकाळच्या प्रार्थनेला पाच माणसे उभी आहेत. एक शिक्षक २००३ साली सेवेत आले, दुसरे २००७ साली. तिसरे रोजंदारीवर आहेत, चौथे एका खासगी कंपनीमार्फत आले आहेत. पाचव्या शेजारच्या अंगणवाडीच्या सेविका. तिघे शिक्षक एकाच इयत्तेला एकच धडा शिकवू शकतील, परंतु कागदावर या पाचांचे शासनाशी असलेले नाते पाच प्रकारचे आहे, आणि ते नाते ठरते शब्दांनी.

पैशाची नावे

कामाच्या मोबदल्याला मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. ‘वेतन’ हा शब्द कौटिलीय अर्थशास्त्राइतका जुना आहे. त्याच ग्रंथात वेतनाच्या जोडीने येणारा ‘भक्त’, म्हणजे शिधा, हा आपल्या आजच्या ‘भत्त्या’चा पूर्वज मानला जातो. महागाई भत्ता मोजताना आपण मुळात धान्य मोजत असतो, असे म्हणायला हरकत नाही. ‘मुशाहिरा’ आणि ‘तनखा’ फारसीतून आले, ‘पगार’ पोर्तुगिजांकडून. ‘नेमणूक’ या शब्दाचा प्रवास तर विशेष पाहण्यासारखा आहे. पेशवाईच्या कागदपत्रांत तो पदावर नेमण्याच्या अर्थाने येतो, तसाच ठरवून दिलेल्या रकमेच्या अर्थानेही येतो. पद आणि त्यासोबतचा पैसा या दोन गोष्टी त्या काळी एकाच शब्दात नांदत होत्या. आजच्या प्रशासनाने त्यांची फारकत केली आहे.

ही फारकत करणारा सर्वांत प्रभावी शब्द म्हणजे ‘मानधन’. शब्द मोठा गोड आहे. व्याख्यात्याला, परीक्षकाला, कवीला आपण मानधन देतो. त्याच्या कामाचे मोल करता येत नाही म्हणून मान राखण्यापुरते काही देतो, असा त्याचा भाव. हाच शब्द रोज ठरावीक वेळ काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला, पोलीस पाटलाला किंवा शिक्षणसेवकाला लावला की अर्थ पालटतो. मानधन घेणाऱ्याला वेतनश्रेणी नसते, वार्षिक वेतनवाढ नसते, वेतन आयोगाची शिफारस त्याला आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना २००० साली सुरू झाली. पहिली तीन वर्षे मानधन आणि मग वेतनश्रेणी, अशी तिची रचना. त्या मानधनाचे आकडे इतकी वर्षे मागे पडले होते की २०२३ मध्ये ते प्राथमिक स्तरावर १६,०००, माध्यमिक स्तरावर १८,००० आणि उच्च माध्यमिक स्तरावर २०,००० रुपये करावे लागले. ‘सेवक’ आणि ‘मानधन’ हे दोन शब्द एकमेकांना किती साजेसे आहेत पाहा : एकाने माणूस नम्र होतो आणि दुसऱ्याने मोबदला.

हा शब्दच्छल नाही, याला न्यायालयाचा दाखला आहे. गुजरातमधील अंगणवाडी सेविकांनी उपदानासाठी, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात ग्रॅच्युइटी म्हणतो त्यासाठी, दाद मागितली. त्यांना वेतन नव्हे तर मानधन मिळते, हा त्यांच्याविरुद्धचा एक मुद्दा होता. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, १९७२ च्या उपदान प्रदान अधिनियमाच्या दृष्टीने हे मानधन वेतनच आहे. शब्दाच्या आत शिरून कामाकडे पाहिले की असे होते.

एका कृदंताची किंमत

आता निवृत्तिवेतनाकडे वळू. (शासकीय कागदांत ‘निवृत्तीवेतन’ असेही लिहिलेले आढळते, तत्सम समासात पहिले पद ऱ्हस्व ठेवण्याचा नियम आपण शिकलो आहोत, म्हणून आपण ‘निवृत्तिवेतन’ लिहू.)

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ चे. त्यांनुसार पूर्ण अर्हताकारी सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला अखेरच्या वेतनाच्या साधारण निम्मे निवृत्तिवेतन मिळते आणि त्यावर महागाईवाढ. त्याच वर्षी, १७ डिसेंबर १९८२ रोजी, नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे. ते केलेल्या सेवेचे देणे आहे. या खटल्याचा विषय काय होता, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तो विषय एक तारीख हाच होता. ३१ मार्च १९७९ या दिवशी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच सुधारित सूत्राचा लाभ द्यावा, ही विभागणी न्यायालयाने मनमानी ठरवली. बक्षिसी की देणे, हा प्रश्न त्याहून जुना आहे. दुसऱ्या बाजीरावाला १८१८ नंतर इंग्रजांनी सालीना आठ लाख रुपये दिले. १८५१ मध्ये तो वारला तेव्हा दत्तकपुत्र नानासाहेबाला ती रक्कम नाकारण्यात आली. एका बाजूने ती वारशाने चालणारी मानली, दुसऱ्या बाजूने व्यक्तीपुरती. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे.

महाराष्ट्र शासनाने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत नियुक्त होणाऱ्यांसाठी नवी योजना आणली. केंद्राने असा बदल १ जानेवारी २००४ पासून केला होता. राज्याच्या योजनेचे नाव होते ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’. या सामासिक नावाचा विग्रह करून पाहा. ‘परिभाषित’ हे विशेषण कोणाचे? घाईने वाचणारा ते निवृत्तिवेतनाला जोडतो आणि निर्धास्त होतो. ते अंशदानाचे आहे. दरमहा किती कापले जाईल हे ठरलेले : मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के कर्मचाऱ्याचे आणि तेवढेच शासनाचे. शासनाचा वाटा पुढे १४ टक्के झाला. शेवटी हातात किती येईल हे मात्र ठरलेले नाही. जमा रक्कम बाजारात गुंतवली जाते. पुढे ही योजना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत वर्ग झाली. तिच्या नियमांप्रमाणे वयोमानानुसार निवृत्त होताना साठ टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी घेता येते, उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांतून वार्षिकी घ्यावी लागते. जुन्या योजनेत जोखीम शासनाची होती, नव्या योजनेत ती कर्मचाऱ्याकडे गेली. नाव तेच सांगत होते, पण विशेषणाचे विशेष्य शोधण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

शासनाची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. जुन्या योजनेत स्वतंत्र निधी साठवला जात नव्हता. आज काम करणाऱ्या समाजाच्या करांतून काल निवृत्त झालेल्यांचे निवृत्तिवेतन दिले जाई. आयुर्मान वाढते, तसे हे देणे वाढते, आणि त्याच तिजोरीतून नव्या शिक्षकांची भरतीही करायची असते. ही अडचण खरी आहे. मात्र ती सोडवताना निवडलेली सीमारेषा ज्या शब्दावर उभी राहिली, तो शब्द डळमळीत होता, एवढेच माझे म्हणणे आहे.

तो शब्द म्हणजे ‘नियुक्त’. हे कर्मणी भूतकालवाचक कृदंत आहे. कोणीतरी नेमले, तेव्हा माणूस नियुक्त होतो. जाहिरात निघते, अर्ज येतात, परीक्षा होते, यादी लागते, आणि मग कधीतरी आदेश हाती पडतो. यातले पहिले चार टप्पे २००५ च्या उन्हाळ्यात पार पडले असतील आणि आदेशावर सही डिसेंबरमध्ये झाली असेल, तर? उमेदवाराच्या बाजूने सारे वेळेत झाले होते. उशीर कार्यालयाचा होता. पण कृदंताने उमेदवारालाच नव्या योजनेत टाकले. जवळजवळ दोन दशके हा वाद चालला. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने, पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल तर नंतर नियुक्त झालेल्या राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना जुनी योजना स्वीकारण्याचा एक वेळचा विकल्प मिळाला. निकष ‘नियुक्ती’वरून ‘जाहिराती’वर सरकला. शाळांमध्ये असाच पेच ‘शंभर टक्के अनुदानित’ या शब्दांनी घातला : शिक्षक आधीचे, पण शाळेला पूर्ण अनुदान नंतरचे.

आमच्या पाचांपैकी २००७ च्या शिक्षकांची जाहिरात नंतरची असेल, तर त्यांना हा विकल्प नाही. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यभर झालेल्या संपात त्यांच्यासारखे लाखो कर्मचारी होते. त्या संपाची घोषणा होती, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. ‘निवृत्तिवेतन’ या शब्दाने घोषणा होत नाही. लोकांनी ‘पेन्शन’ला ‘मिशन’चे यमक जोडले आणि ती पोहोचली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती राज्यासाठी स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. पंचवीस वर्षे सेवा झाल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, आणि किमान दहा वर्षे सेवेला दरमहा १०,००० रुपये, अशी तिची हमी आहे. कर्मचाऱ्याचे अंशदान मात्र चालूच राहते. या योजनेचे वैशिष्ट्य सांगताना ‘आश्वासित’ हा शब्द वापरला जातो, आणि या वेळी विशेषण निवृत्तिवेतनाला जोडलेले आहे.

माणसांचा पुरवठा

भरतीच्या भाषेतही कितीतरी शब्द तपासण्यासारखे आहेत. कार्यालयात कोणती पदे किती, याच्या मंजूर आराखड्याला ‘आकृतिबंध’ म्हणतात. साहित्यसमीक्षेत आपण हाच शब्द कवितेच्या घाटासाठी वापरतो. तिथे आकृतिबंधात रिक्त जागा असू शकते आणि तीही अर्थपूर्ण ठरते, प्रशासनात ती फक्त रिक्त असते. ‘अस्थायी पद’ हा आणखी एक नमुना. अस्थायी पदांना ठरावीक काळाने मुदतवाढ देणारे आदेश निघत राहतात आणि काही पदे अशी वर्षानुवर्षे अस्थायीच राहतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी कर्मचारी घेण्याविषयी जो निर्णय काढला, त्याच्या भाषेत ‘बाह्यस्रोत’ आणि ‘मनुष्यबळ पुरवठा’ हे शब्द होते. राज्यभर विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करण्यात आला. पुरवठा धान्याचा होतो, पाण्याचा होतो, विजेचा होतो. माणूस ‘पुरवला’ गेला की नेमणारा कोण, हा प्रश्नच व्याकरणातून नाहीसा होतो. नेमले नाही, म्हणून ‘नियुक्त’ नाही. ‘नियुक्त’ नाही, म्हणून निवृत्तिवेतनाचा विषयच नाही. निर्णय रद्द झाला तरी पद्धत थांबली नाही. २०२५ च्या पावसाळ्यात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांतील रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोताने होणाऱ्या भरतीविरुद्ध ‘बिऱ्हाड आंदोलन’ केले. बिऱ्हाड म्हणजे सामानसुमानासह केलेला संसाराचा मुक्काम. ‘धरणे’ आणि ‘उपोषण’ हे शब्द हाताशी असताना त्यांनी हा निवडला. ‘मनुष्यबळा’ला घर असते, हे सांगायला याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

पदनामांचे बदलही याच काळातले. तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले, आणि २०२५ मध्ये कोतवाल ‘महसूल सेवक’ झाले. पहिल्या दोघांच्या वाट्याला ‘अधिकारी’ आला, तिसऱ्याच्या वाट्याला ‘सेवक’. कोतवालांची जुनी मागणी चतुर्थ श्रेणीच्या दर्जाची होती. नव्या नावाने तो दर्जा दिलेला नाही.

स्वाध्याय

आपल्या किंवा ओळखीतील कोणाच्याही नोकरीचा नियुक्ती आदेश घ्या. ‘प्रस्तावना’ सोडून द्या. ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हा शेवटचा साचाही सोडा. मधल्या भागातून मोबदल्यासाठी वापरलेले नाम, व्यक्तीच्या प्रवेशासाठी वापरलेले कृदंत आणि ‘निव्वळ’, ‘तात्पुरत्या स्वरूपात’, ‘हक्क सांगता येणार नाही’ यांसारखे शब्दप्रयोग वेगळे काढा. त्या नामाच्या जागी ‘वेतन’ आणि कृदंताच्या जागी ‘नियुक्त’ घालून तोच मजकूर पुन्हा लिहा. दोन मजकुरांत त्या व्यक्तीच्या हक्कांमध्ये कोणता फरक पडतो, ते तीनशे शब्दांत मांडा.