कापणीआधी विळा-कोयत्याला धार : कानस, दगड, ग्राइंडर की लोहार?



हळवा भात पिवळा पडायला लागलाय. ठाकुरवाडी आणि आसपासच्या वाड्यांवर थोड्याच दिवसांत कापणी सुरू होईल. खत-औषधावर आपण नेहमी बोलतो, आज विळा-कोयत्यावर बोलू. बोथट विळ्याने तीन नुकसानं होतात:

१) चूड ओढून कापावा लागतो. लोंबी हिसका खाते आणि पिकलेला दाणा खाचरातच गळतो.
२) ओढायचा त्रास नको म्हणून माणूस उंचावरून कापतो. उंच राहिलेल्या धसकटात खोडकिड्याची अळी सुखरूप राहते आणि पुढच्या हंगामात तीच त्रास देते. म्हणून कापणी जमिनीलगत करायची असते.
३) जोर लावला की विळा घसरतो. चूड धरलेल्या डाव्या हाताची बोटं पहिली सापडतात.

*आधी हत्यार ओळखा*

*दात्यांचा विळा (वैभव विळा):* याला कानस लावू नका, दाते जातात. दाते ज्या बाजूला कोरलेले नाहीत, त्या सपाट बाजूवरून बारीक दगड हलक्या हाताने ४-५ वेळा फिरवा, बस. दाते पूर्ण झिजले असतील तर नवा विळा घेतलेला परवडतो.

*साधा विळा:* गवत, भात, नाचणी कापायला. धार पातळ हवी.

*कोयता, कोयती:* राबासाठी टहाळ तोडायला, कुंपणाला, लाकडाला. धार जरा जाड हवी. कोयत्याला विळ्यासारखी पातळ धार लावली तर पहिल्याच गाठीवर ती मुडपते.

*चार पर्याय, कोणता कधी?*

*१. दगड (कार्बोरंडम):* रोजच्या वापराला हाच सगळ्यात चांगला. एक बाजू जाडसर, एक बारीक असा दुहेरी दगड घ्या. लोखंड कमी झिजतं, हत्यार तापत नाही, वीज लागत नाही. नदीतला गुळगुळीत दगडही थोडंफार काम करतो, पण वेळ जास्त लागतो.

*२. कानस:* धार फारच गेली असेल किंवा बारीक खाचे पडले असतील तर आधी कानस, मग दगड. कानशीला लाकडी मूठ बसवलेलीच वापरा. बिनमुठीच्या कानशीचं टोक तळहातात घुसतं. कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे येताना उचलून घ्या. दोन्हीकडे घासली तर कानशीचेच दाते लवकर मरतात.

*३. ग्राइंडर:* काम दोन मिनिटांत होतं, पण धोका इथेच जास्त. खाली वेगळं लिहिलंय ते वाचा.

*४. लोहार:* घासून घासून धारेची कड जाड झाली, मोठा तुकडा उडाला किंवा आठवण्याइतक्या वेळा धार लावूनही ती अर्ध्या दिवसात जात असेल, तर घरी घासण्यात अर्थ नाही. लोहार पातं तापवून ठोकतो, कड पातळ करतो आणि नव्याने पाणी देतो. हे दगडाने होत नाही. कापणी तोंडावर आली की लोहाराकडे गर्दी होते, म्हणून आत्ताच देऊन या.

बाजारात सुरी मधून ओढायची छोटी प्लास्टिकची यंत्रं मिळतात. ती घरच्या सरळ सुरीला चालतात, विळ्याच्या वाकड्या पात्याला चालत नाहीत.

*दगडाने धार कशी लावायची?*

▪️ पातं धुवा. चिकट रस, माती, गंज काढा.
▪️ दगड १० मिनिटं पाण्यात ठेवा. घासताना ओला ठेवा. दगडावर एकदा तेल वापरलं असेल तर पुढे तेलच वापरा.
▪️ विळ्याची मूठ पायाखाली किंवा ओंडक्याला टेकवून पक्की धरा, धार अंगापासून लांब. दगड पात्यावर फिरवायचा. दगड धरलेली बोटं धारेच्या रेषेच्या मागेच राहू द्या.
▪️ *कोन:* कागदाचा चौकोनी कोपरा एकदा मधोमध दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साधारण २२ अंश. ही घडी पात्याजवळ धरून बघा. विळ्याला यापेक्षा थोडा कमी कोन, कोयत्याला थोडा जास्त.
▪️ विळ्याला आधीपासून एकाच बाजूने उतार असेल तर त्याच बाजूने घासा. दोन्ही बाजूंनी असेल तर दोन्हीकडून सारखं.
▪️ घासता घासता दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड येते. ती मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे आली म्हणजे ही बाजू झाली. मग बारीक दगडाने दुसऱ्या बाजूने २-३ हलके हात मारून ती कड काढा. ही कड तशीच ठेवली तर विळा पहिल्या वाफ्यापुरता छान चालतो आणि मग एकदम बोथट होतो.

*धार आली का?* अंगठा धारेवरून फिरवून बघू नका. पात्याची धार उन्हाकडे धरा. पांढरी चमकणारी रेघ दिसली तर तिथे अजून बोथट आहे. धारेच्या जागी चमक दिसत नसेल तर झाली. नंतर एक गवताची काडी कापून बघा.

कापणीला जाताना दगडाचा छोटा तुकडा सोबत ठेवा. दर दीड-दोन तासांनी ८-१० हात मारले तर संध्याकाळपर्यंत विळा सारखाच चालतो.

⚠️ *ग्राइंडर वापरणार असाल तर*

चार इंची हँड ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. चकती फुटली तर तुकडा गोळीसारखा येतो.

❌ पातळ कटिंगची चकती आडवी धरून धार लावू नका. ती कडेने कापण्यासाठी असते, बाजूने दाब आला की फुटते. जाड ग्राइंडिंगची किंवा फ्लॅप चकती घ्या.
❌ गार्ड काढून चालवू नका. तडा गेलेली, भिजलेली चकती लावू नका.
✅ डोळ्याला चष्मा हवाच. गॉगल नव्हे, कामाचा चष्मा.
✅ पातं शिकंजात पक्कं धरा. लुगड्याचा पदर, ओढणी, सैल बाही लांब ठेवा. जवळ पेंढा नको.
✅ दोन-तीन सेकंद टेकवा, उचला, पाण्यात बुडवा. धारेचा रंग *निळा* झाला तर तिथलं पाणी उतरलं, लोखंड मऊ पडलं. मग कितीही धार लावा, टिकणार नाही.

*कलमाचा चाकू:* याला फक्त बारीक दगड. बोथट चाकूने साल चेंगरते, कलम धरत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा.

*काम झाल्यावर:* पातं धुऊन कोरडं करा, खोबरेल किंवा कुठलंही खायचं तेल पुसा. जळकं इंजिन ऑइल चाऱ्याच्या, भाजीच्या विळ्याला नको. विळा कुडात उंच खोचा, पोरांच्या हाताला लागेल असा नको. वाटेत कोयता आकडीलाच अडकवा, खांद्यावर नको.

🩹 *कापलंच तर:* स्वच्छ फडक्याने दाबून धरा, हात वर ठेवा. रक्त थांबल्यावर साबण-पाण्याने धुवा. हळद, माती, तंबाखू भरू नका. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट वाकत नसेल तर लगेच दवाखाना गाठा. माती-शेण लागलेल्या जखमेला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील किंवा आठवत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. उघडी जखम घेऊन खाचराच्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची भीती असते.

तुमच्या विळ्याला घरीच धार लावायची की लोहाराकडे द्यायचा हे कळत नसेल तर पात्याचा जवळून फोटो याच नंबरवर पाठवा. लिहायला अडचण असेल तर व्हॉइस मेसेज टाका. घरात जे रोज विळा धरतात, त्यांना हा मेसेज वाचून दाखवा.

आपला,
कृषी सल्लागार