वारसाच्या दाखल्यासाठी कर्ज काढू नका

घरातल्या कर्त्या माणसाचा इंतिकाल होतो. बँकेत थोडीफार रक्कम असते, पण नॉमिनी लावलेला नसतो. बँक कोर्टाचा वारसा दाखला मागते. खर्चाचा आकडा ऐकून बेवा बाई बांगड्या मोडायला निघते. थांबा, आधी हे वाचा.

मुस्लिम वसीयतीला प्रोबेट सक्तीचे नाही. बँकेतल्या पैशांसाठी लागतो तो भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालचा दाखला. त्याच्या अर्जाला कोर्ट फी लागते, वकीलही लागतो.

पण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि लहान मुलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाच्या आधारावर मदत मागणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. या मदतीत सरकारी खर्चाने वकील तर मिळतोच, कोर्ट फीचा खर्चही त्यात येतो.

अर्ज कुठे करायचा? बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, किंवा तालुका कोर्टातील विधी सेवा समितीकडे. सोबत मृत्यू दाखला, आधार, रेशनकार्ड आणि पासबुक न्या. माहितीसाठी १५१०० वर फोन करा. अर्ज साध्या कागदावरही चालतो, लिहिता येत नसेल तर तिथे लिहून घेतात.

आणि हो, आजच आपल्या खात्याला नॉमिनी लावा. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. रक्कम त्याच्या हाती आली तरी बहिणी-मुलींसह प्रत्येक वारसाचा हिस्सा द्यावाच लागतो.