भराव, पाणी आणि पुन्हा भराव

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात मुसळधार पावसात पाणी साचले की कारणे ठरलेली असतात : नालेसफाई झाली नाही, भरतीची वेळ होती, महापालिका गाफील राहिली. ही कारणे खोटी नाहीत. परंतु आजचा परिणाम हाच उद्याचे कारण होऊन परत येतो, तेव्हा असा सरळ रेषेतला विचार अपुरा पडतो. अशा प्रश्नांसाठी ‘कॉजल लूप डायग्रॅम’, म्हणजे कार्यकारणाच्या वर्तुळांची आकृती, हे साधन वापरले जाते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या प्रणाली-गतिशास्त्रातून हे साधन पुढे आले. १९६९ साली त्यांनी ‘अर्बन डायनॅमिक्स’ या ग्रंथात तोच विचार शहरांना लावला.

आकृती काढायला कागद-पेन्सिल पुरते. प्रथम कमी-जास्त होऊ शकणाऱ्या गोष्टी लिहायच्या. ‘पूर आला’ असे न लिहिता ‘साचणारे पाणी’ असे लिहावे. मग कारणाकडून परिणामाकडे बाण काढायचा. कारण वाढले की परिणामही वाढत असेल तर बाणावर अधिक चिन्ह, घटत असेल तर उणे.

आता आपली आकृती पाहू. साचणारे पाणी वाढले की नवी इमारत बांधणारा भराव टाकून जोते उंच करतो, येथे अधिक. भराव वाढला की इमारतीत शिरणारे पाणी घटते, येथे उणे. त्याच्यापुरता प्रश्न सुटला. मात्र त्याच भरावातून दुसरा बाण निघतो. भरावाने पाणी सामावून घेणारी सखल जमीन घटते (उणे), आणि ती घटली की परिसरात साचणारे पाणी वाढते (पुन्हा उणे). वर्तुळात उणे चिन्हे सम संख्येने आली तर ते वर्तुळ वर्धक, म्हणजे स्वतःलाच बळ देणारे; विषम आली तर संतुलक. येथे दोन उणे आहेत. म्हणजे प्रत्येकाचा शहाणपणाचा उपाय मिळून सर्वांचे पाणी वाढवतो. रस्ता उंच करण्याचेही तेच : रस्ता वर गेला की जुन्या इमारतींचे तळमजले खाली राहतात. तेथील भाडेकरू यातला एकही निर्णय घेत नाही, पाणी मात्र त्याच्याच घरात शिरते.

या आकृतीत विलंबही दाखवावा लागतो, बाणावर दोन आडव्या रेघा मारून. भराव आज पडतो, त्याची किंमत काही पावसाळ्यांनी कळते. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार होती. जुलै २०१८ मध्ये शहर पाण्याखाली गेले, रेल्वे ठप्प झाली. त्यानंतर ‘निरी’ व आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली आणि धारण तलावांची कल्पना चर्चेत आली. आकृतीत त्यांची जागा नेमकी सापडते : गमावलेल्या सखल जमिनीचे काम ते करतात. केवळ नाले रुंद केले तर भरावाचा बाण जसाच्या तसा राहतो.

आकृतीला मर्यादाही आहे. कोणता बाण किती बळकट, हे ती सांगत नाही. त्यासाठी पाऊस, भरती व उतार यांची मोजमापे लागतात. शिवाय एकट्याने काढलेली आकृती बहुधा काढणाऱ्याच्या सोयीची असते. म्हणून अभियंत्यांबरोबर तळमजल्यावरील दुकानदार आणि जुने रहिवासी यांनाही बसवावे. पाणी पूर्वी कोणत्या बाजूने उतरत असे, हे त्यांना ठाऊक असते.