माळावरची घोडी बेवारस नाहीत

पावसाळ्यात सुप्याच्या माळावरून किंवा इंदापूरच्या कडबनवाडीकडून जाताना आठ-दहा घोडी मोकळीच चरताना दिसतात. आसपास माणूस नाही, पाठीवर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही. मग गाडीत बसलेल्यांची चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं ही रानटी असणार, कुणी म्हणतं म्हातारी झाली म्हणून सोडून दिली असतील, आणि एखादा ठामपणे सांगतो की सरकारने टेंडर काढून ही सगळी उचलून न्यायला हवीत, अमेरिकेत नेतात तशी. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्या नुसत्या चुकीच्या असत्या तरी चाललं असतं. पण अशा समजुतीवर उद्या एखादा ठराव झाला, तर एका कुटुंबाचं बिऱ्हाड जागच्या जागी अडकून पडेल.

आधी ती घोडी जवळून पाहा. बऱ्याचदा पुढच्या दोन पायांत आखूड दोरी असते. तिच्यामुळे घोडं छोटी पावलं टाकत चरू शकतं, पण लांब पळू शकत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना कुठे केस पांढरे झालेले असतात, कुठे कातडीला घट्टा पडलेला असतो. वर्षानुवर्षं वाहिलेल्या ओझ्याच्या त्या खुणा आहेत. कोसभराच्या आत कुठेतरी धनगरांचा वाडा बसलेला असतो: पालं, मेंढरं कोंडायची वाघर, दोन-तीन कुत्री, चुलीवर भाकरी. मुक्काम हलायचा नसेल त्या दिवशी घोड्यांना काम नसतं, म्हणून ती माळावर सोडलेली असतात. मुक्काम हलायचा झाला की त्यांच्याच पाठीवर पालं, भांडी, धान्याची पोती, कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेली कोकरं आणि चालता न येणारी लेकरं चढतात. हे लादण्याचं काम बहुतेक बायकांच्या हातचं असतं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं झालं नाही तर सगळं घसरतं आणि घोड्याची पाठ सोलवटते, त्यामुळे ते येरागबाळ्याचं काम नव्हे.

दिवाळीनंतर हे वाडे घाट उतरून कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्याकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या कोरड्या माळांवर परततात. या पट्ट्यात वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मेंढरांच्या केसाळ अंगाला हा कोरडेपणा मानवतो आणि कोकणातला पाऊस सोसत नाही. घोडी नसतील तर ही वाट चालता येत नाही.

रानटी घोड्याच्या समजुतीला कायद्यातही आधार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाळीव पशुधनाची व्याख्या आहे आणि तीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्याबरोबर घोडं आणि खेचर यांची नावं आहेत. कच्छच्या रणातलं रानगाढव त्याच कायद्याने संरक्षित वन्यप्राणी आहे, घोडं नाही. मालकाकडून सुटून रानात वाढलेल्या घोड्यांचे कळप भारतात अगदीच तुरळक. आसामात दिब्रू-सैखोव्याला आहेत; दुसऱ्या महायुद्धात मागे राहिलेल्या लष्करी घोड्यांचे ते वंशज मानले जातात. बारामती-इंदापुरात तसं काही नाही.

दुसरा गैरसमज जास्त जिव्हारी लागतो: हे तट्टू म्हणजे कसल्याही जातीचं नसलेलं, खुरटलेलं जनावर. खरं तर या तट्टांची जात भीमथडी, आणि ते नाव राज्यगीतात आहे. 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत झालेल्या राजा बढे यांच्या गीतात या तट्टांचा उल्लेख येतो आणि आपण तो उभं राहून म्हणतो. तेच तट्टू समोर आलं की मात्र ओळखत नाही. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यात स्थानिक घोड्यांचा अरबी आणि तुर्की रक्ताशी संकर होत ही जात घडली. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाला असंच जनावर हवं होतं: लहान चणीचं, मजबूत खुराचं, मूठभर दाण्यावर आणि वाटेतल्या गवतावर दिवसभर चालणारं. इंग्रजी अमलात भीमथडी हा पुणे जिल्ह्यातला एक तालुकाच होता, आजच्या बारामती-दौंडचा मुलूख त्यात येई. शिरूर तालुक्यातल्या आलेगावला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने घोड्यांच्या पैदाशीचं केंद्रही चालवलं. ते गाव आजही आलेगाव पागा म्हणून ओळखलं जातं.

घोडदळं संपली आणि ही जात धनगरांनी सांभाळली. कुठलंही अनुदान नसताना, निव्वळ गरजेपोटी. 2023-24 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याआधी मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि मणिपुरी या सातच भारतीय जातींना ती मान्यता होती. म्हणजे ज्याला आपण भटकं म्हणून हाकलतो, ते देशातल्या घोड्यांच्या आठ नोंदणीकृत जातींपैकी एका जातीचं आहे.

आता अमेरिकेचं. तिथे पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारच्या मालकीच्या विस्तीर्ण जमिनी आहेत आणि त्यांवर मस्तंग नावाची घोडी मोकळी फिरतात. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या आणि पुढे वसाहतवाल्यांकडून सुटलेल्या घोड्यांचे ते वंशज. एके काळी मोटारी आणि विमानांनी त्यांचा पाठलाग करून त्यांना खाटकांना विकत. नेवाडातल्या वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी त्याविरुद्ध रान उठवलं. 1959 मध्ये मोटारींनी पाठलाग करण्यावर बंदी आली आणि 1971 मध्ये या घोड्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. तेव्हापासून त्यांची जबाबदारी प्रामुख्याने ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे आहे. मालक नाही, शिकारी प्राणी फारसे नाहीत, त्यामुळे कळप चार-पाच वर्षांत दुप्पट होऊ शकतो. 2024 च्या अंदाजानुसार माळावर सुमारे 73,500 घोडी आणि गाढवं होती. खात्याच्या हिशेबाने त्या जमिनीला पेलणारी संख्या साडेपंचवीस हजारांच्या आसपास.

म्हणून खातं ठेकेदार नेमतं. एक पद्धत हेलिकॉप्टरने हाकत कळप जाळीच्या कुंपणात आणण्याची. कुंपणाच्या तोंडाशी शिकवलेलं एक घोडं सोडतात, ते आत धावतं आणि बाकीची त्याच्यामागे जातात. दुसरी पद्धत पाणी किंवा चारा ठेवून वाट पाहण्याची. ठेकेदाराला पैसे मिळतात ते सहसा पकडलेल्या जनावरामागे, आणि माझ्या मते सगळा पेच तिथेच आहे. नगाप्रमाणे पैसे म्हटलं की घाई आली, आणि घाईत शिंगरू आईपासून तुटतं, पाय मोडतात. त्यामुळेच त्या खात्याला वागणुकीचे लेखी नियम करावे लागले: तापमान साधारण 35 अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर पकडापकडी नाही, विण्याच्या हंगामात म्हणजे मार्च ते जून एरवी हेलिकॉप्टर नाही. तरीही वाद मिटलेले नाहीत. पकडलेल्या साठ हजारांहून जास्त जनावरांना सरकारच पोसतं आणि या कामाच्या वार्षिक खर्चाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग त्यातच जातो.

हा नमुना इथे आणा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तिथला सगळा खटाटोप बिनमालकी जनावरांसाठी आहे. इथे प्रत्येक घोड्याला मालक आहे, त्याला नाव आहे, त्याची वंशावळ वाड्यातल्या म्हातारीला पाठ आहे.

मोकळं जनावर अडवण्याची सोय आपल्या कायद्यात नाही असंही नाही. 1871 च्या गुरे-अतिक्रमण कायद्यात गुरांच्या व्याख्येत घोडं, तट्टू आणि शिंगरू धरलेलं आहे. शेतात नुकसान करणारं जनावर कोंडवाड्यात घालता येतं आणि दंड, खुराकी भरून मालक ते सोडवून नेतो. राखीव वनात शिरलेल्या जनावराला 1927 च्या वन कायद्याने हीच तरतूद लागू केली. त्याच्या मूळ मजकुरात दंडाची कमाल मर्यादा हत्तीला दहा रुपये, घोड्याला एक रुपया अशी आहे. दोन्ही कायदे मालक येईल असं गृहीत धरतात. जनावर ठेकेदाराच्या ताब्यात देऊन परस्पर विल्हेवाट लावण्याचा विचार त्यांत नाही.

आणि एखाद्या नगरपरिषदेने जनावरं हलवण्याचा ठेका दिलाच, तर तो कसा असावा हेही मोघम सोडलेलं नाही. प्राण्यांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम सांगतात, की एका मालवाहू वाहनात चार ते सहापेक्षा जास्त घोडी भरायची नाहीत. दोन घोड्यांमध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा. तोंडं डावीकडे हवीत, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला डोकं येत नाही. वेग ताशी 35 किलोमीटरच्या आत. शिवाय ग्लँडर्स या जीवघेण्या रोगाचा विचार करावा लागतो; तो घोड्यांपासून माणसालाही होतो, आणि त्याच्या तपासणीचं देशातलं मुख्य ठिकाण हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. ठिकठिकाणची अनोळखी घोडी एका आवारात कोंबणं या एकाच कारणासाठीसुद्धा धोक्याचं आहे. ज्या टेंडरमध्ये हे काही लिहिलेलं नाही आणि फक्त प्रति जनावर दर आहे, ते मंजूर होता कामा नये.

घोड्या-मेंढरांमुळे माळ उजाड झाला, ही तक्रारही ऐकू येते. जास्त चराई झाली तर गवत मरतं, हे खरंच. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये झालं, ते अवघं 5.14 चौरस किलोमीटरचं आहे. तिथे चराईवर बंधनं हवीतच. पण चिंकारा आणि लांडगा इथे टिकले ते गवताळ माळावर, आणि त्या माळावर मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या चरत आलीत. लांडगा मेंढरं उचलतो, धनगर शिव्या देतो, आणि तरीही दोघं एकाच माळावर राहतात. गवताळ रानाला पडीक समजून त्यात खड्डे खणून झाडं लावणं, माळ फोडून ऊस करणं, प्लॉट पाडणं यांनी माळाचं जे नुकसान केलं, त्याचं खापर पायबंद घातलेल्या घोडीवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

जातीची नोंद झाली म्हणजे भीमथडी वाचली, असंही समजू नये. 2019 च्या पशुगणनेत देशातली घोडी-तट्टं साडेतीन लाखांच्या आत आली. 2012 च्या तुलनेत ही घट सुमारे 45 टक्क्यांची होती. वाटेवरची गायरानं बांधकामांखाली गेली, रस्त्यावर वाहनांनी घोडी मरू लागली, आणि कित्येक वाडे आता बिऱ्हाड पिकअपमध्ये टाकून हलतात. कामच उरलं नाही तर घोडी कोण पाळणार? प्रदर्शनात उभी करायला दहा-वीस उमदी घोडी राहतील. ओझं घेऊन घाट उतरणारी राहणार नाहीत.

तोवर, शेतात घोडी शिरली तर एवढं करता येतं. दगड मारू नका, मोटारसायकलने पळवू नका. पायात दोरी असलेलं घोडं पळताना तोंडावर पडतं. जवळचा वाडा कुठे बसलाय हे गावातला कोणीही सांगतो, तिथे निरोप द्या. मालकाने हाक मारली आणि पाटीत दाणा हलवला की ती आपण होऊन येतात. नुकसानीचं पोलीस पाटील किंवा सरपंचासमोर बसून ठरवा. पुष्कळदा ते पैशांऐवजी रानात दोन रात्री मेंढरं बसवून भागतं, आणि शेतकऱ्याला फुकटचं खत मिळतं. जखमी किंवा खरोखरच मालक न सापडलेलं घोडं असेल, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीत लेखी कळवा.