वाहतूक विलगीकरण (स्टोरेज एरिया नेटवर्क)

वाहतूक विलगीकरण ही स्टोरेज एरिया नेटवर्कमधील ठरावीक उपकरणांची विदा राखीव दुव्यांवरून नेण्याची पद्धत होय. फायबर चॅनल जाळ्यातील स्विच सामान्यतः एफएसपीएफ या नियमावलीनुसार सर्वांत कमी खर्चाचा मार्ग निवडतात. त्यामुळे बॅकअपची अवजड वाहतूक आणि तातडीचे व्यवहार एकाच दुव्यावर येऊन व्यवहार मंदावू शकतात. हे टाळण्यासाठी ब्रोकेडच्या स्विचमध्ये स्वतंत्र विलगीकरण विभाग आखता येतात.

फेलओव्हर, म्हणजे पर्यायी मार्गाची मुभा, चालू असल्यास राखीव दुवा तुटताच विदा इतर दुव्यांवरून जाते; विलगीकरण मात्र तेवढ्या काळापुरते भंगते. ही मुभा बंद असल्यास विलगीकरण टिकते, परंतु एकमेव राखीव दुवा तुटल्यास संपर्कच खंडित होतो. म्हणून अशा विभागात समान खर्चाचे किमान २ राखीव मार्ग ठेवणे हितावह ठरते.